मातीवांचून वाढलेली अंबाडी

भाजींतलें सत्त्व मातींतून येतें, हा समज इतका जुना आणि सार्वत्रिक आहे कीं त्याला कोणी समज म्हणत नाहीं. तो अनुभवच मानला जातो. काळ्या आईच्या पोटांतून वर आलें तें खरें अन्न, आणि पन्हळींतल्या पाण्यांत मुळें सोडून हरितगृहाच्या छपराखालीं वाढविलेली पालेभाजी दिसावयाला हिरवी, आंतून मात्र निःसत्त्व, असें पुष्कळ सुशिक्षित घरांतूनही बोललें जातें. उलट असा माल विकणारे व्यापारी 'निर्मळ, निर्दोष, अधिक पौष्टिक' असे शब्द वेष्टनावर छापून चढा भाव घेतात. गृहिणीनें यांतलें कोणाचें खरें मानावें? घरांत वाढतें मूल असेल, किंवा अंगांत रक्त कमी असलेली बाळंतीण असेल, तर हा प्रश्न नुसत्या चवीचा राहत नाहीं. 'पालेभाजी' या सरसकट नांवाखालीं त्याचा उलगडाही होत नाहीं. एखादी एकच वनस्पती घ्यावी, ती पाण्यांत कशी वाढते आणि तिच्यांत काय कोठून येतें हें पाहावें, म्हणजे पुष्कळ धुकें निवळतें. अंबाडी ही त्या कामाला फार सोयीची आहे.

अंबाडी जास्वंदीच्या वंशांतली. कुंडींतली जास्वंद देवघरांत जाते आणि अंबाडी स्वयंपाकघरांत, एवढाच लौकिक भेद. दोघींचीं फुलें शेजारीं ठेवलीं तर पांच पाकळ्या आणि मधून वर आलेला परागांचा दांडा पाहून शाळकरी मूलही त्या बहिणी आहेत असें सांगेल. भेंडीलाही लिनीअसनें १७५३ सालीं याच वंशांत बसविलें होतें. पुढें शास्त्रज्ञांनीं तिला वेगळें घर करून दिलें. मराठींत अंबाडी या एका नांवाखालीं दोन वनस्पती नांदतात. एक वाखाची, जिच्या सालीचे दोर वळतात. हिचीं कोवळीं पानेंही खाल्लीं जातात. दुसरी लाल अंबाडी. हिचीं पानें तर खातातच, पण फूल गळून गेल्यावर फळाभोंवतीं जो जाड, रसाळ, तांबडाबुंद कोश राहतो, त्या बोंडांचें सरबत, चटणी व मुरंबा होतो. तेलुगु मुलखांत या पानांना गोंगुरा म्हणतात आणि तेथें त्यांच्यावांचून ताट अपुरें वाटतें. सुदान व इजिप्त देशांत बोंडांचा काढा करकदे या नांवानें पितात, सेनेगालांत बिसाप म्हणून. जमैका बेटांत ही वनस्पती १७०७ च्या सुमारास लावलेली होती. आफ्रिकेंतून गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर तिचें बीं समुद्रापार गेलें असें मानतात. मेक्सिकोंत बोंडांच्या सरबताला आजही त्या बेटाचेंच नांव आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांत अंबाडीच्या १०० ग्रॅम पानांत १७२ मिलिग्रॅम कॅल्शियम दाखविलें आहे. पालकांत त्याच कोष्टकाप्रमाणें तें ७३ आहे. अमेरिकेच्या शेतकी खात्याच्या कोष्टकांत ताज्या बोंडांना कॅल्शियम २१५ मिलिग्रॅम, लोह सुमारें दीड मिलिग्रॅम आणि 'क' जीवनसत्त्व अवघें १२ मिलिग्रॅम दिलेलें आहे. शेवटचा आंकडा पुष्कळांना चकित करील. त्याच कोष्टकांत पेरूला 'क' जीवनसत्त्व २२८ मिलिग्रॅम आहे. जें आंबट तें 'क' जीवनसत्त्वानें भरलेलें, ही समजूत खरी नव्हे. अंबाडीचा आंबटपणा मुख्यतः निराळ्या सेंद्रिय आम्लांचा आहे. आणि असले आंकडेही ब्रह्मवाक्य नव्हेत. ती अंबाडी कोणत्या जातीची, कोणत्या महिन्यांत खुडलेली, तिच्यावर ऊन किती पडलेलें, हें कोष्टक सांगत नाहीं. पाण्यांतल्या अंबाडीचा विचार करतांना नेमका याच गोष्टींचा छडा लावावा लागतो.

मुळांत ही उष्ण प्रदेशाची लेक काचेखालीं गेली कां, तें आधीं पाहूं. आपल्याकडे पावसाच्या तोंडीं पेरलेली लाल अंबाडी सगळा पावसाळा पानांनीं भरते आणि दिवस लहान होऊं लागले म्हणजे फुलावर येते. दिवस बारा-साडेबारा तासांवर उतरल्याखेरीज ती सहसा कळी धरीत नाहीं. मुंबईला वर्षांतला सर्वांत मोठा दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा. त्यामुळें येथें तिला फार वाट पाहावी लागत नाहीं. वॉशिंग्टनसारख्या शहरीं तोच दिवस पंधरा तासांच्या घरांत जातो. तेथें अंबाडी उन्हाळाभर नुसती पानें काढीत उंच होते, कळ्या धरते त्या शरदांत, आणि बोंडें भरतात न भरतात तोंच पहिलें हिम पडून झाड काळें पडतें. अशा शहरांतून आफ्रिकेचे, कॅरिबियन बेटांचे आणि भारताचे पुष्कळ लोक वस्तीला आहेत, व त्यांना आपल्या देशची भाजी हवी असते. हरितगृह हा त्यावरचा उपाय. आणि हरितगृह बांधल्यावर जमिनींतले सूत्रकृमी, जे अंबाडीच्या मुळांना गांठी आणतात, त्यांचा जाच चुकविण्यासाठीं माती काढून पाणी आणणें ही पुढली पायरी.

आतां मातीच्या सत्त्वाकडे वळावयास हरकत नाहीं. ब्रुसेल्सच्या व्हान हेल्माँट नांवाच्या गृहस्थानें दोनशें पौंड वाळविलेली माती एका कुंड्यांत भरून तींत पांच पौंडांची विलोची फांदी लावली आणि पांच वर्षें तिला पाण्याखेरीज कांहीं घातलें नाहीं. पांच वर्षांनीं झाड १६९ पौंड भरलें. मातींतून मात्र दोनच औंस घटले. हा प्रयोग १६४८ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. झाड सगळें पाण्याचें बनलें, हा त्यानें काढलेला निष्कर्ष चुकला, कारण हवेंतल्या कर्बाची त्याला कल्पना नव्हती. परंतु माती झाडाचें अंग भरीत नाहीं हें त्यानें तराजूनें दाखविलें. त्या दोन औंसांतच सगळी गंमत आहे. १६९९ सालीं इंग्लंडांत वुडवर्ड यानें पुदिना वेगवेगळ्या पाण्यांत वाढविला, तेव्हां पावसाच्या स्वच्छ पाण्यापेक्षां थेम्सच्या पाण्यांत तो जोमानें वाढला, आणि बागेची माती कालविलेल्या पाण्यांत त्याहून जोमानें. म्हणजे मातींतून पाण्यांत कांहीं उतरतें आणि तें थोडेंसेंच पण अत्यावश्यक असतें. १८६० नंतर जर्मनींत झाक्स व क्नॉप यांनीं तें काय हें शोधून काढलें: नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक आणि लोह यांचे क्षार. पुढें त्यांत मँगनीज, जस्त, तांबें, बोरॉन, मॉलिब्डेनम व क्लोरीन यांची भर पडली. निकेलची गरज तर १९८७ सालीं सिद्ध झाली. हीं चौदा द्रव्यें मुळावाटे येतात, बाकीचें अंग हवा आणि पाणी यांचें.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गेरिक यांनीं या विद्येला १९३७ सालीं हायड्रोपॉनिक्स हें नांव दिलें, आणि वर्तमानपत्रांनीं इतका गवगवा केला कीं घरोघर गच्चीवर धान्य पिकणार असें लोकांना वाटूं लागलें. त्याच विद्यापीठांतले होगलंड व आर्नन यांनीं १९३८ सालीं एक लहानसें पत्रक काढून हा फुगा शांतपणें फोडला. जमीन चांगली असेल आणि ऊन-हवा सारखी असेल, तर पाण्यांतलें पीक मातींतल्यापेक्षां फार अधिक येत नाहीं, आणि त्याच्या अन्नगुणांतही सांगण्यासारखा फरक पडत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. त्यांचें हें मत दोन्ही बाजूंच्या उत्साही मंडळींना गैरसोयीचें आहे, म्हणून तें फारसें उद्धृत होत नाहीं. आपल्या देशांतही १९४६ सालीं शोल्टो डग्लस यांनीं बंगालमध्यें कालिंपोंग येथें प्रयोग आरंभिले आणि गरिबाला परवडेल अशी, खडी-वाळूच्या वाफ्यांची पद्धत बसविली.

तेव्हां अंबाडीच्या मुळाला क्षार मातींतून आला काय किंवा पिशवींतून पाण्यांत विरघळवून आला काय, तें ओळखत नाहीं. तिला लोह मिळतें का, एवढाच प्रश्न आहे. आणि येथें माती प्रत्येक वेळीं जिंकतेच असें नाहीं. चुनखडीच्या जमिनींत लोह भरपूर असूनही तें विरघळत नाहीं. मग कोवळीं पानें केवड्यासारखीं पिवळीं पडतात आणि शेतकरी 'केवडा पडला' म्हणतो. हरितगृहांतला माळी पाण्याची आम्लता ५.५ ते ६.५ या मर्यादेंत ठेवतो आणि लोह अशा संयुगांत घालतो कीं तें गाळ होऊन तळाशीं बसूं नये. त्यानें हें काम नीट केलें तर त्याची अंबाडी चुनखडीच्या जमिनींतल्या अंबाडीहून लोहानें सरस ठरूं शकेल. आळस केला तर चार दिवसांत पानें पिवळीं. जमीन चुका पोटांत घालते, पाणी घालीत नाहीं.

एका गोष्टीपुरती मात्र मातीची बाजू खरी आहे. आयोडीन आणि सेलेनियम यांची माणसाला गरज आहे, अंबाडीला नाहीं. जमिनींत तीं असलीं तर पानांत थोडींफार आपोआप उतरतात. पाण्यांत तीं कोणी घातलीं तरच असणार, आणि झाडाला त्यांवांचून कांहीं बिघडत नसल्यामुळें सामान्य माळी तीं घालीत नाहीं. अर्थात आयोडीनसाठीं कोणी अंबाडीवर विसंबून राहूं नये. त्याला मीठ आहे.

क्षारांचें असें झालें. जीवनसत्त्वांचा हिशेब निराळा. तीं मुळावाटे येतच नाहींत. पान तीं स्वतः घडवितें, आणि घडविण्यासाठीं त्याला ऊन लागतें. उन्हांतल्या पानांत 'क' जीवनसत्त्व अधिक, सावलींतल्या पानांत कमी. म्हणून काचेखालच्या अंबाडीची खरी परीक्षा खालच्या पाण्यांत नसून वरच्या छपरांत आहे. मळलेली काच, दाट पडदे, उत्तरेकडचा डिसेंबर महिना, इमारतीची सावली, या गोष्टी तिला जितक्या बाधतात तितका मातीचा अभाव बाधत नाहीं.

बोंडांच्या तांबड्या रंगाचेंही असेंच. हा रंग डेल्फिनिडिन व सायनिडिन या वर्गांतल्या रंगद्रव्यांचा आहे, आणि हल्लीं बोंडांचा जो बोलबाला झाला आहे त्यांत या द्रव्यांचा वांटा मोठा समजतात. बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठानें २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यांचा रक्तदाब किंचित् वाढलेला होता अशीं ६५ माणसें घेतलीं होतीं. सहा आठवडे रोज तीन पेले बोंडांचा काढा घेणाऱ्यांचा वरचा दाब सरासरी ७.२ नें उतरला. नुसतें तसें दिसणारें पेय घेणाऱ्यांचा १.३ नें. (औषध चालू असलेल्यानें हें ऐकून आपली गोळी बंद करूं नये.) आतां हा रंग वनस्पती कांहीं अंशीं उन्हांतल्या अतिनील किरणांपासून अंग राखण्यासाठीं धरते, आणि साधी काच त्यांपैकीं तीव्र किरण बाहेरच अडविते. शिवाय रात्री थंड असल्या तर रंग अधिक चढतो. सतत तापविलेल्या घरांत तो फिका राहण्याचा संभव. त्यांतच भर अशी कीं, लहान दिवसांची वाट पाहणारी बोंडें उत्तरेकडे नेमकीं तेव्हां भरतात जेव्हां ऊन सर्वांत क्षीण असतें. जाणते माळी यावर एक युक्ति करतात. भर उन्हाळ्यांत संध्याकाळीं लवकरच काळा पडदा ओढून झाडाला दिवस मावळल्याचा भास करावयाचा. शेवंतीवाले हें पुष्कळ वर्षें करीत आले आहेत. मग अंबाडी जून-जुलैच्या कडक उन्हांतच कळी धरते आणि बोंडें चांगल्या प्रकाशांत पिकतात. पडदा न ओढतां डिसेंबरांत काढलेलीं काचघरचीं बोंडें आणि आपल्याकडे शेताच्या बांधावर कार्तिकाच्या उन्हांत तापलेलीं बोंडें एका तोलाचीं असतील, असें मानणें कठीण आहे.

पानांच्या बाबतींत उन्हाच्या कमतरतेचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो गृहिणीनें अवश्य ध्यानांत ठेवावा. पाण्यांत नत्र बहुधा नायट्रेटच्या रूपानें दिलेलें असतें. मुळें तें अधाशीपणानें ओढून घेतात. पानानें उन्हाच्या जोरावर त्याचीं प्रथिनें करावयाचीं. ऊन अपुरें पडलें कीं नायट्रेट पानांत तसेंच सांचतें. युरोपीय देशांनीं १९९७ सालापासून यावर कायद्यानें मर्यादा घातली आहे. ताज्या पालकाला किलोमागें ३५०० मिलिग्रॅम. लेट्यूसला उन्हाळ्यांत उघड्यावर ३०००, पण हिंवाळ्यांत आच्छादनाखालीं ५०००. काचेखालीं आणि थंडींत नायट्रेट वाढणारच, हें कायदा करणाऱ्यांनींही धरून चालले आहे. त्या यादींत अंबाडीचें नांव नाहीं, पण पानाचा धर्म तोच. माणसाला सोसणारें नायट्रेट रोज वजनाच्या किलोमागें ३.७ मिलिग्रॅम असें तज्ज्ञ धरतात. म्हणजे पन्नास किलोच्या बाईला १८५. घाबरण्याचें कारण नाहीं, कारण युरोपाच्या अन्नसुरक्षा संस्थेनें २००८ सालीं सगळा विचार करून भाज्या खाण्याचा लाभ या धोक्याहून मोठा आहे असाच निर्णय दिला. तरी तान्ह्या मुलाच्या पेजेंत असलीं पानें घालूं नयेत हें बरें. माळ्याच्या हातीं उपाय सोपे आहेत: खुडण्यापूर्वीं दोन-चार दिवस खत बंद करून नुसतें पाणी द्यावें, आणि पहाटे न खुडतां दिवसभराचें ऊन खाल्ल्यावर खुडावें. व्यापाराला मात्र पहाटेचा टवटवीत माल हवा असतो!

राहिली जात. हिरव्या देठाची अंबाडी आणि तांबड्या देठाची अंबाडी यांत आंध्रांतल्या सुगरणी कधीं गल्लत करणार नाहींत. तांबडी अधिक आंबट. बोंडांत गर्द, फिकी, आणि सेनेगालांत मिळणारी चक्क पांढरट अशा जाती आहेत. पांढऱ्या बोंडांत तें तांबडें रंगद्रव्य नाहींच, मग तीं काळ्या मातींत लावा नाहीं तर पाण्यांत. एकाच हरितगृहांत, एकाच पाण्यावर शेजारीं शेजारीं लावलेल्या दोन जातींत जो फरक पडतो, तो एकाच जातीच्या मातींतल्या व पाण्यांतल्या झाडांमधल्या फरकाहून पुष्कळदां मोठा असतो. वेष्टनावर 'हायड्रोपॉनिक' हा शब्द ठळक छापतात, जातीचें नांव आणि खुडल्याची तारीख मात्र क्वचित्. विचारावयाचेंच झालें तर या दोन गोष्टी विचाराव्या.

आणि पिशवी घरांत आल्यावर? महाराष्ट्रांत अंबाडी उकडून, घट्ट पिळून, पाणी टाकून देण्याची रीत आहे. मग तिच्यांत तांदळाच्या कण्या, तुरीची डाळ, शेंगदाणे, वर लसणीची चरचरीत फोडणी, आणि जोडीला ज्वारीची भाकरी. टाकलेल्या त्या पाण्याबरोबर पुष्कळ आंबटपणा जातो, कॅल्शियमला बांधून ठेवणारें ऑक्झॅलिक आम्ल कांहीं अंशीं जातें, सांचलेलें नायट्रेटही जातें. त्याचबरोबर 'क' जीवनसत्त्व आणि पालाश हींही मोरींत जातात. कॅरोटीन पाण्यांत विरघळत नसल्यामुळें मागें राहतें, आणि फोडणीच्या तेलानें तें अंगीं लागावयाला मदतच होते. हरितगृहांतल्या पानांना ही उकडून पिळण्याची रीत शेतांतल्या पानांहूनही अधिक मानवणारी आहे. गेलेल्या 'क' जीवनसत्त्वाची भरपाई पानावर लिंबाची फोड घेऊन किंवा जेवणांत पेरू ठेवून करतां येते, आणि त्यामुळें भाजींतलें लोहही अंगांत अधिक शोषलें जातें. ज्या घरीं रक्त कमी असल्याची तक्रार असेल तेथें ही भाजी लोखंडी कढईंत करावी. आंबट पदार्थ लोखंडांतून थोडें लोह काढून घेतो. भाजी किंचित् काळपट दिसेल, तिला तेवढ्यासाठीं नांवें ठेवूं नयेत. शिजल्यावर मात्र ती लगेच दुसऱ्या भांड्यांत काढावी, आणि तें भांडें कल्हई उडालेलें पितळेचें नसावें.